खेळातली गाडी, खरी गाडी

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीकडे सुरतेला, पांडेसऱ्यात गेले होते. चहूकडे मिलची धुराडी. गल्लीत खानदेशी आणि ओडिया घरं. आपलं बेळगावी मराठी-कानडी तेवढं बहिणीच्या घरात!

भाचा पक्का रेल्वेवेडा. मोबाईलवर सारखा आगगाडीचा खेळ. "मावशी, आता नव्या गाड्या येणार! अमृत भारतसुद्धा! पुढं एक इंजिन, मागं एक!" रात्री झोपेतही तेच.

खरी अमृत भारत जवळच्याच उधन्याहून ओडिशातल्या ब्रह्मपूरला जाते, 27 सप्टेंबर 2025 पासून. बिनएसी, म्हणजे मिलमधल्या माणसाला परवडणारी. शेजारच्या ओडिया मुलाची आजी गंजामला. त्याला खेळाचं फारसं कौतुक नाही. बाबांना रजा कधी मिळते, एवढंच तो विचारतो.

आमच्याकडेही रजेचंच रडगाणं. भावजी दोन वर्षं बेळगावला आले नाहीत. आई दर रविवारी फोनवर नातवाला विचारते, "यावाग बरती?"

"अज्जी, खेळात बेळगाव आलं की रोज येईन!"

आईला खेळबीळ काही कळला नाही. तिनं विचारलं, "गाडी किती वाजता पोचते रे?"