"आपल्याकडे असलं होत नाही" म्हणणाऱ्या मंडळींना

इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या घरांत कॉपीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. "ते भिंड-मुरैन्याकडे चालतं हो, आपल्याकडे असलं होत नाही." आजोबा मास्तर होते, काका होळकर कॉलेजात प्रोफेसर होते, म्हणून आपण जन्मजात प्रामाणिक! हा भ्रम आता पुरे.

व्यापम आठवतंय ना? जुलै २०१३ मध्ये पीएमटीच्या तोंडावर तोतये परीक्षार्थी पकडले गेले ते ह्याच इंदुरात. मग 'इंजिन-बोगी'ची तऱ्हा कळली. भाड्याने आणलेला हुशार मुलगा आणि पैसे भरलेला मुलगा, दोघांचे रोल नंबर मुद्दाम लागोपाठ लावायचे. कुणी उत्तरपत्रिका कोरीच सोडायची, ती मागाहून आत भरली जायची. २००८ ते २०१२ च्या ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाले ते सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये कायम केले. वर्षानुवर्षं शिकलेली पोरं घरी बसली. बारावीच्या पोराजवळ लाखो रुपये कुठून येणार? सौदा मोठ्यांनी केला, पदवी गेली पोरांची. आणि जे खरोखर रात्री जागून डॉक्टर झाले, त्यांनाही लोक हसून विचारू लागले, "व्यापमवाले का?"

"आम्ही कुठे त्यात होतो?" असं म्हणाल. मग अकरावी-बारावीचं 'डमी अ‍ॅडमिशन' काय आहे? नाव शाळेत, पोरगं दिवसभर कोचिंगला. सीबीएसईचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. ती हजेरी नुसती कागदावर भरतात, आणि हे ठाऊक असून फी आपणच भरतो. प्रॅक्टिकलची फाइल दुकानातून, प्रोजेक्ट मोठ्या ताईकडून, निबंध मोबाइलमधून. कागद नीट दिसला की खोटंही खपतं, हे सोळा वर्षांच्या पोराला आपण घरातच शिकवलं. उद्या तो म्हणाला, "बाबा, फुटलेला पर्चा मिळतोय, घेऊ का?" तर कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

"सगळेच करतात, आमचंच पोर मागे का राहावं?" हेही ऐकतो. अहो, मागे पडतं ते शेजारचं पोर, ज्याचे आईबाप असली सेटिंग करत नाहीत. त्याची जागा तुमच्या पैशाने गेली, एवढं तरी कबूल करा.

२०२४ च्या केंद्राच्या कायद्यात संघटितपणे पेपर फोडणाऱ्यांना १० वर्षांपर्यंत कैद आणि किमान १ कोटी दंड आहे. ठीक आहे. पण डमी शाळेच्या फॉर्मवर सही करणाऱ्या बापाला तो कायदा धरत नाही. त्याला घरातल्यांनीच अडवायचं.

आणि आपल्या मंडळांना एक विनंती. गणपतीत टक्के बघून शाल-श्रीफळ देता, त्याआधी एवढं विचारा, "बाळ, तू शाळेत गेलास का? फाइल तूच लिहिलीस का?" ६२ टक्केवाला "हो" म्हणाला तर पहिला सत्कार त्याचा करा.