‘ज्याची त्याची आवड’ नावाची पळवाट

सोमवारी पहिल्या तासाची घंटा होण्यापूर्वी वर्गात आणि प्राध्यापक-कक्षात एकच विषय चालू असतो : रविवारी काय पाहिले? ‘बरा आहे.’ ‘टाइमपास आहे.’ ‘फार रडका हो.’ ‘पहिला भाग मस्त, नंतर पकवतो.’ पाच मिनिटांत चार चित्रपटांचा निकाल लागतो, घंटा होते, आणि त्याच ओठांनी आपण काव्यानंदाची चर्चा सुरू करतो. कवितेतील एका प्रतिमेसाठी अर्धा तास खर्च करणारे आपण, दोन-अडीच तासांची एक समग्र कलाकृती दीड शब्दात निकालात काढतो आणि त्यात काही विसंगती आहे असे आपल्याला वाटतही नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. गप्पांवर आमचा राग नाही. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात चित्रपटाविषयी जे काही बोलले जाते ते गप्पांतूनच. कोलकात्यात १९४७ साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्त यांनी फिल्म सोसायटी काढली, मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ उभे राहिले, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होते आणि सतीश बहादुर यांच्यासारखा रसास्वाद शिकवणारा शिक्षक होता. ही भाग्ये आमच्या वाट्याला आली नाहीत. आमची फिल्म सोसायटी म्हणजे एस.टी.ची वाट पाहत घेतलेला चहा. म्हणूनच या गप्पांत नेमके काय घडते याची आम्हांला काळजी आहे. दुसरे व्यासपीठ असते तर हे एक वाया गेले तरी चालले असते.

आमचा राग आहे तो एका वाक्यावर. कोणी म्हणते, ‘चित्रपट फालतू आहे.’ आपण विचारतो, ‘का बरे?’ आणि उत्तर येते, ‘अहो, ज्याची त्याची आवड!’ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत जी लबाडी आहे ती तपासून पाहण्यासारखी आहे. पहिले वाक्य चित्रपटाविषयी आहे, दुसरे बोलणाऱ्याविषयी. पहिल्यात अधिकार आहे. दुसऱ्यात त्या अधिकाराची जबाबदारी झटकणे आहे. बोलताना न्यायाधीश आणि उलटतपासणी सुरू होताच खासगी माणूस, अशी ही सोयीची वेषांतरे आहेत.

हा भेद नवा नाही. इमॅन्युएल कांटने १७९० साली ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये तो मांडला. एखादे मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याला कोणी ‘तुला सुखद आहे असे म्हण’ अशी दुरुस्ती सुचवली, तर तो ती निमूटपणे मान्य करतो. ‘हे सुंदर आहे’ असे म्हणणारा मात्र इतरांच्याही संमतीवर हक्क सांगत असतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) हा विचार मराठीत आणला, मराठीच्या वर्गांतून आपण तो शिकतो, शिकवतो, परीक्षेत लिहितो. आणि वर्गाबाहेर पडताच दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभे राहतो : संमती तर हवी, पण ती मागण्याचे कष्ट नकोत.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. कांटच सांगतो की सौंदर्यविषयक निर्णय नियमांवर बोट ठेवून सिद्ध करता येत नाही. मग कारणे कसली मागता? आम्ही सिद्धता मागत नाही; आम्ही बोट दाखवायला सांगतो आहोत. कोणता प्रसंग? कोणता आवाज? कोठे कंटाळा आला? ‘कंटाळा आला’ हे मत नव्हे, ती मताची सुरुवात आहे. आणि सुरुवात म्हणून ती अत्यंत मौल्यवान आहे.

‘सैराट’चे उदाहरण घ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा आम्ही ऐकलेले सर्वांत सार्वत्रिक मत होते : ‘पहिला भाग भन्नाट, दुसरा रटाळ, शेवट नको होता.’ आमच्यातले काही विद्वान या मतावर तुच्छतेने हसले. ते हसणे चूक होते. मत अगदी अचूक आहे, फक्त ते अर्ध्यावर सोडलेले आहे. अजय-अतुल यांची सगळी गाणी पहिल्या भागात आहेत. तेथे संथगतीत धावणारी माणसे आहेत, वाद्यवृंद आहे, विहीर आहे, हिंदी चित्रपटाने आपल्याला शिकवलेले सगळे प्रेम आहे. आर्ची आणि परशा गाव सोडतात आणि गाणी थांबतात. हैदराबादची झोपडपट्टी, भाडे, डोश्याची गाडी, संशय, भांडण. म्हणजे ज्याला ‘रटाळ’ वाटले त्याला नागराज मंजुळे यांनी केलेला बदल अंगावर जाणवला होता! त्याने स्वतःलाच एक प्रश्न आणखी विचारला असता की, ‘मला काय हवे होते, जे काढून घेतले गेले?’, तर तो समीक्षेच्या दारात उभा राहिला असता. शेवटी आवाज नाहीसा होतो आणि रक्ताने भरलेली एका लहान मुलाची पावले तेवढी उरतात. ‘शेवट नको होता’ हे तर खरेच. तो कोणालाच नको होता. पण नको असलेले आपल्या समाजात घडते, या वस्तुस्थितीबद्दलची नाराजी आपण दिग्दर्शकाच्या खात्यावर मांडतो आणि मोकळे होतो. २०१८ च्या ‘धडक’ या हिंदी आवृत्तीत शेवटही बदलला आणि जातही पुसट झाली. दोन्ही चित्रपट पाहून ‘दोन्ही सारखेच’ असे जो म्हणतो, त्याच्या मताला ‘आवड’ म्हणणे हा आवडीचा अपमान आहे.

किंवा ‘संथ’ हा शब्द. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ साली तो चित्रपटगृहांत आला. नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झाले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने ते गेले तेव्हा आमच्या भागात हळहळणारे पुष्कळ होते. त्यांतल्या किती जणांनी तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिला होता? ‘संथ आहे हो.’ आहेच. खटला संथ आहे, तारखा संथ आहेत, कलमांचे एकसुरी वाचन संथ आहे. गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली ती शाहिराच्या गाण्यामुळे, असा आरोप घेऊन एक म्हातारा माणूस या संथपणात सापडला आहे. प्रेक्षकाला दोन तास असह्य होतात. आरोपीच्या महिन्यांचे काय, हा प्रश्न चित्रपट तोंडाने विचारत नाही. या चित्रपटात सरकारी वकील बाई कुटुंबासह एक मराठी नाटक पाहायला जातात. परप्रांतीयांची टिंगल करणारे नाटक आहे, सभागृह खदखदून हसते, बाईही रमतात. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा न्यायालयात उभ्या राहतात. करमणुकीच्या वेळी आपण कोणत्या गोष्टीला हसतो आणि कामाच्या वेळी कोणता न्याय मागतो, यांचा काही संबंध असतो की नाही? दिग्दर्शक उत्तर देत नाही. पण ‘टाइमपास होता’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो प्रसंग एकदा पुन्हा पाहावा.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ साली रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. विषय विदर्भातला, भाषा वऱ्हाडी, शीर्षकातली शिवी इकडची. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका हादरते. आपला नवराही तसेच काही करील या भीतीने ती त्याला गोडधोड करून घालते आणि आपल्या लहानग्याला बापाच्या मागे पाळतीवर लावते. बापाला यातले काहीच ठाऊक नाही. त्यामुळे प्रसंग विनोदी होतात, आणि तो विनोद घशात अडकतो. आम्ही हा चित्रपट वर्गात दाखवला. नंतर मते विचारली. नेहमीची आली : ‘संथ आहे.’ ‘डिप्रेसिंग.’ ‘भाषा ऐकून हसू आलं.’ यातले शेवटचे मत ज्याने दिले तो स्वतः घरी हीच भाषा बोलतो. पडद्यावर वऱ्हाडी आली की हसायचे, हे त्याला इतर चित्रपटांनी आणि दूरदर्शन मालिकांनी शिकवून ठेवले होते. ती त्याची ‘आवड’ होती काय?

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती बोलत नसे. म्हणाली, ‘सर, तो पोरगा बापाच्या मांगं मांगं फिरते ना, तसंच माह्या मायनं मले धाडलं होतं.’ आणि बसली. वर्ग गप्प झाला. आम्हीही.

तिने चित्रपट चांगला की वाईट हे सांगितलेच नाही. तारे दिले नाहीत, ‘जरूर पाहा’ म्हटले नाही. तिने एका प्रसंगावर बोट ठेवले आणि स्वतःला त्याच्या शेजारी उभे केले. आम्ही सगळे ज्या दृश्याला हसलो होतो, त्या दृश्यातले मूल एकदम खरे झाले आणि आमच्या हसण्याचा हिशेब आमच्याच हाती आला. दिग्दर्शकाने विनोद का निवडला असेल, हे आम्हांला त्या एका वाक्याने जितके समजले तितके कोणत्याही परीक्षणाने समजले नव्हते. हेही सहज उच्चारलेले मतच होते. एका वाक्याचे, बोलीतले, कोणतीही परिभाषा नसलेले. तेव्हा ‘साध्या प्रेक्षकाकडून समीक्षेची अपेक्षा करता’ हा आरोप आमच्यावर करू नये. साधा प्रेक्षक काय करू शकतो ते आम्ही पाहिले आहे. आमची तक्रार ही की, तो जे करू शकतो ते करण्यापासून त्याला ‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य सुटका देते. तिचे वाक्य आणि ‘डिप्रेसिंग’ हा शब्द ही दोन सारख्या किमतीची मते आहेत असे मानायला आम्ही तयार नाही. बोलण्याचा अधिकार सर्वांना सारखा आहे. उत्तर न देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

एवढे बोलल्यावर आपल्या घरातली धूळही झाडायला हवी. त्या दिवशी ती मुलगी बसल्यावर आमच्यापैकी एकाने फळ्यापाशी जाऊन काय म्हटले? ‘तर या चित्रपटातून ग्रामीण जीवनाचे दाहक वास्तव प्रत्ययास येते.’ वाक्य तोंडातून गेले आणि लाज वाटली. ‘दाहक’, ‘विदारक’, ‘अंतर्मुख करणारा’, ‘मनाला भिडणारा’, हे आपले ‘मस्त’ आणि ‘भन्नाट’. फरक इतकाच की ते प्रमाण भाषेत आहेत आणि त्यांना गुण मिळतात. हे शब्द कोणत्याही चित्रपटाला, कादंबरीला, कवितेला लावता येतात. म्हणजेच ते कशालाच लागत नाहीत. चहाच्या टपरीवरचा माणूस निदान खरोखर कंटाळलेला असतो. आपण तर कंटाळलो तरी ‘अंतर्मुख’ होतो. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हीच विशेषणे परत करतात, आपण खाली बरोबरची खूण करतो, आणि मग त्यांना स्वतःचे मत नाही म्हणून गळा काढतो. टपरीवरच्या आळसाला आवडीचे पांघरूण आहे, वर्गातल्या आळसाला शैलीचे. दुसरा आळस अधिक घातक, कारण तो पगारी आहे.

‘चित्रपटच तर आहे, एवढे काय?’ असेही एक मत प्राध्यापक-कक्षात नेहमी ऐकू येते. त्यांना एवढेच आठवून देतो. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी-पत्नीने केले. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणारी ही बाई ‘तेरवं’ या नाटकातून रंगमंचावरही उभी राहिली होती. आमच्या जिल्ह्यात वास्तव आणि त्याचे चित्रण यांच्यात इतके थोडे अंतर आहे. येथे पडद्यावरच्या माणसाला ‘रडका’ म्हणताना आपण कोणाच्या देखत बोलतो आहोत, याचे भान ठेवावे लागते. त्या वर्गात ‘डिप्रेसिंग’ म्हणणाऱ्याला आपल्या मागच्या बाकावर कोण बसले आहे हे ठाऊक नव्हते. याचा अर्थ शेतकऱ्यावरचा प्रत्येक चित्रपट चांगला म्हणावा असा मुळीच नाही. दुःखाचा बाजार मांडणारे चित्रपटही निघतात, आणि त्यांना तसे म्हणायचे तर प्रसंगावर बोट ठेवण्याची सवय अधिकच हवी. ‘विषय चांगला आहे’ म्हणून दिलेली सूट हीदेखील न पाहताच दिलेल्या मताची जात आहे.

आमची मागणी फार लहान आहे. येत्या सोमवारी कोणी ‘बरा आहे’ म्हणाले, तर ‘हो ना’ म्हणू नये. ‘कोणता प्रसंग?’ एवढेच विचारावे. तो ‘ज्याची त्याची आवड’ म्हणाला, तर पुन्हा विचारावे. आणि त्याने आपल्यालाही विचारावे, कारण आपणही पुष्कळदा न पाहताच बोलत असतो.

ती मुलगी पुढे पदवी घेऊन गेली. तिला आम्ही त्या दिवशी काहीच विचारू शकलो नाही. निदान पुढचे कोणी उठून बोलेल तेव्हा आमच्या तोंडात ‘दाहक वास्तव’ नसावे, एवढी तयारी आम्ही करतो आहोत.