दयेच्या आड दडलेला अन्याय

सदाशिव पेठेतील औषधांच्या घाऊक दुकानांतून खोकी टेम्पोत चढताना आम्ही नेहमी पाहतो. पैसे मोजले की येथे हवे ते औषध मिळते. म्हणूनच की काय, पेठेतील बैठकीत आणि मिस्सानंतर चर्चच्या आवारातही एक वाक्य ऐकू येते : गरीब देशांत माणसे मरतात ती अज्ञानापायी. हे वाक्य आम्हांला मान्य नाही. ते खोटे आहे. आणि बोलणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे करते, म्हणून सोयीचेही आहे.

आफ्रिकेत सेनेगालपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाच्या साथी पुनःपुन्हा येत. 1996-97 च्या साथीत सुमारे 25,000 माणसे दगावली. विज्ञानाला उपाय ठाऊक नव्हता काय? याच रोगाच्या 'सी' प्रकारावर ब्रिटनने आपल्या मुलांना नव्या पद्धतीची लस 1999 सालीच दिली. आफ्रिकेतील 'ए' प्रकारावर तशी लस पोहोचायला 2010 चा डिसेंबर उजाडला. ती तयार झाली आपल्याच हडपसरात, सिरम इन्स्टिट्यूटमध्ये. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी! ती पोहोचली तेथून 'ए' प्रकाराच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. उणीव ज्ञानाची नव्हती. गरिबाच्या मुलासाठी लस बनवण्यात बड्या कंपन्यांना नफा दिसत नव्हता.

आफ्रिका दूर वाटत असेल, तर क्षयरोगाकडे पाहावे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी क्षयातून वाचल्या, पण जुन्या औषधांनी त्यांचे कान हिरावून घेतले. कानांना अपाय न करणारे बेडाक्विलीन अमेरिकेत 2012 मध्येच मान्य झाले होते. मालक कंपनी मात्र भारतातील पेटंट 2027 पर्यंत लांबवू पाहत होती. या दोघींनी 2019 मध्ये हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. पेटंट मंजूर होण्यापूर्वी अशी हरकत आपल्या कायद्याने कोणीही घेऊ शकतो. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

दोष केवळ परक्यांचा नाही. 2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली आणि भारतातून लसींची निर्यात जवळजवळ थांबली. श्रीमंत देशांनी गरजेपेक्षा जास्त लसी आधीच राखून ठेवल्या होत्या. आफ्रिकेतील परिचारिका लसीविना रुग्णसेवा करीत राहिल्या. आम्ही मात्र ती बातमी वाचून सुटकेचा निःश्वास टाकला. लाजरसच्या गोष्टीतील श्रीमंताने तरी काय वेगळे केले होते? त्याने लाजरसला मारले नाही. तो फक्त जेवत राहिला.

सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे, ही शिकवण पोप सहावे पॉल यांनी मानवी विकासावरील आपल्या परिपत्रकात 1967 सालीच ठासून मांडली. आजाऱ्यांसाठी दानपेटीत पैसे टाकणे हे पुण्यच. ते थांबू नये. पण जे न्यायाने मिळायला हवे ते दया म्हणून देणे आणि वर समाधान मानणे, हा ख्रिस्ती धर्म नव्हे. औषध महाग का, हा प्रश्न राजकारणाचा म्हणून आपण चर्चच्या फाटकाबाहेर ठेवतो. त्याच फाटकाशी लाजरस बसलेला आहे.