ढालींचे कपाट आणि खर्चाची बाजू

पी.यू.सी. झालेला खेळाडू कॉलेज निवडताना आधी ढालींचे कपाट पाहतो. मी वाणिज्याचा विद्यार्थी. मला वाटते, त्याने खर्चाची बाजू पाहावी. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझपदक आणले. त्या औदार्यास वंदन. पण प्राचार्यांचे घर म्हणजे क्रीडायोजना नव्हे! आमच्या उद्यमबागेतील मुलाने राणी चन्नम्मा विद्यापीठ निवडावे वा शिवाजी विद्यापीठ, आधी खुशाल विचारावे: आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या दिवसांची हजेरी लावतात का? प्रवासखर्च आधी मिळतो की परतल्यावर? संध्याकाळी मैदानावर प्रशिक्षक असतो का? 'बघू' किंवा 'नोडोण' एवढेच उत्तर मिळाले, तर अर्ज दुसरीकडे भरावा.