नागासाकीची घंटा आणि देवाने राखलेली ख्रिस्तसभा

९ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी जपानमधील नागासाकी शहरात उराकामी महामंदिराच्या दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ऐंशी वर्षांपूर्वी, १९४५ साली, याच दिवशी आणि याच क्षणी त्या शहरावर अणुबाँब टाकण्यात आला होता. त्या स्फोटात दोनपैकी एक घंटा फुटली आणि तेव्हापासून तिचा मनोरा मुका होता. आता तेथे बसवलेली नवी घंटा अमेरिकेतील कॅथलिक भाविकांनी वर्गणी गोळा करून दिली आहे. या कार्यात पुढाकार घेणारे प्राध्यापक जेम्स नोलन यांचे आजोबा अणुबाँब तयार करणाऱ्या प्रकल्पात डॉक्टर होते.

जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी शांततेची आणि समेटाची बातमी म्हणून छापली. ते योग्यच होते. परंतु श्रद्धावंतांनी या बातमीकडे आणखी एका दृष्टीने पाहिले पाहिजे. ज्या भूमीत ख्रिस्ती असणे हा जवळजवळ अडीचशे वर्षे देहदंडास पात्र असा गुन्हा होता, तेथे आज घंटा वाजवणारे हात आहेत आणि तिचा नाद ऐकून क्रुसाची खूण करणारी माणसे आहेत. हे कसे घडले? 'देव आपल्या ख्रिस्तसभेला राखतो' असे आपण प्रार्थनेत सहज म्हणून जातो. तो तिला कशा प्रकारे राखतो, याचे उत्तर नागासाकीइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी मिळते.

वसईचा धागा

या इतिहासाशी आपले नाते जुने आहे. संत फ्रान्सिस झेविअर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्यासोबत गोव्यात स्नानसंस्कार घेतलेला अंजिरो नावाचा जपानी मनुष्य होता. पुढे काही वर्षांनी वसईत जन्मलेला आणि येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेला एक किशोर त्याच देशात गेला. ते आपले संत गोन्सालो गार्सिया. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई येथील स्थानिक. त्यांनी जपानमध्ये धर्मशिक्षकाचे काम केले, काही काळ व्यापार केला आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला. जपानी भाषा उत्तम अवगत असल्यामुळे ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर ठार मारण्यात आले. गोन्सालो त्यांपैकी एक होते.

त्या २६ जणांची यादी बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यांत धर्मगुरू अवघे ३ होते. बाकीचे व्रतस्थ बंधू, धर्मशिक्षक, साधे प्रापंचिक आणि काही कोवळी मुले. लुईस इबाराकी हा मुलगा तर जेमतेम १२ वर्षांचा होता. जपानच्या ख्रिस्तसभेचा पुढचा सगळा इतिहास जणू या यादीतच लिहून ठेवलेला होता.

ना धर्मगुरू, ना मंदिर

१६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. मिशनऱ्यांना हाकलण्यात आले, चर्चे पाडण्यात आली. लपून राहिलेले धर्मगुरू एकामागून एक पकडले गेले. १६४४ साली मानसियो कोनिशी या जपानी धर्मगुरूंना मृत्युदंड मिळाला आणि त्यानंतर त्या देशात एकही धर्मगुरू उरला नाही. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिरात आपली नोंद करावी, असा नियम झाला. माणसाच्या हिशेबाने पाहिले तर तेथील ख्रिस्तसभा संपली होती.

परंतु नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत आणि बेटांवर शेतकरी व कोळी यांनी आपली व्यवस्था उभी केली. गावात एक जण पंचांग सांभाळी. प्रायश्चित्तकाळ केव्हा सुरू होतो, नाताळ केव्हा येतो, कोणत्या दिवशी काम करू नये, हे तो काढून ठेवी. दुसरा माणूस नवजात बाळांना स्नानसंस्कार देई. तिसरा घरोघरी जाऊन सणांची आणि उपवासांची वर्दी पोहोचवी. प्रार्थनांना ते 'ओराशियो' म्हणत. आपल्या बोलीतील 'पाद्री' आणि 'इगर्ज' या शब्दांप्रमाणेच हा शब्दही परदेशी मिशनऱ्यांबरोबर आलेला. पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ करताना त्या प्रार्थनांतील लॅटिन शब्द झिजले, त्यांचे अर्थही पुष्कळदा हरवले, पण प्रार्थना थांबली नाही. मरियामातेची प्रतिमा ठेवणे जिवावर बेतणारे होते, म्हणून बाळाला कुशीत घेतलेल्या कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीपुढे बसून ते मरियेला हाक मारीत.

पोप फ्रान्सिस यांनी १५ जानेवारी २०१४ रोजी स्नानसंस्कारावर प्रबोधन करताना याच जपानी भाविकांचे उदाहरण दिले होते. धर्मगुरू नसतानाही हा समाज आपल्या स्नानसंस्काराच्या बळावर टिकून राहिला, हा त्यांच्या प्रबोधनाचा आशय होता. गरज पडल्यास कोणीही व्यक्ती योग्य हेतूने स्नानसंस्कार देऊ शकते, हे आपण धर्मशिक्षणात शिकतो. या शिकवणीवर एक संपूर्ण समाज दोनशेहून अधिक वर्षे जगला.

ज्यांनी पाय ठेवला

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे सारे लोक आपण ज्या अर्थाने वीर म्हणतो त्या अर्थाने वीर नव्हते. नागासाकी परिसरात दर वर्षाच्या आरंभी घराघरातील माणसांना ख्रिस्ताच्या अथवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. जो नकार देईल तो ख्रिस्ती ठरे. हजारो रक्तसाक्षींनी नकार दिला आणि प्राण दिले. परंतु जे वाचले, ज्यांच्या मुलाबाळांमुळे श्रद्धेची परंपरा पुढे गेली, त्यांपैकी बहुतेकांनी पाय ठेवला होता.

मग ते घरी येत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. धर्मगुरू नसताना पूर्ण मनाने केलेला पश्चात्ताप देव स्वीकारतो, असे शिकवणारी एक छोटी पुस्तिका बंदीपूर्वीच्या काळात मिशनऱ्यांनी जपानीत तयार केली होती. तिच्या नकला आणि तिच्यातील प्रार्थना या लोकांनी जिवापाड जपल्या. वर्षातून एकदा पडायचे आणि त्याच रात्री देवापुढे गुडघे टेकायचे, असे त्यांचे जीवन होते. आपण त्यांचा न्याय करू नये. पेत्रानेही कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा आपल्या प्रभूला नाकारले होते, आणि प्रभूने त्याच्याच हाती आपली मेंढरे सोपवली. देवाने ख्रिस्तसभा राखली ती केवळ न डगमगणाऱ्यांच्या द्वारे नव्हे, तर डगमगून पुन्हा उठणाऱ्यांच्या द्वारेही.

१७ मार्च १८६५

जपानने परदेशी व्यापारासाठी दारे उघडल्यावर फ्रेंच मिशनऱ्यांना तेथील परदेशी लोकांसाठी नागासाकीत चर्च बांधण्याची परवानगी मिळाली. १८६२ साली संतपद मिळालेल्या २६ रक्तसाक्षींना, म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही, ते ओउरा येथील चर्च अर्पण करण्यात आले. त्याचे तोंड निशिझाका टेकडीच्या दिशेने ठेवण्यात आले. १७ मार्च १८६५ रोजी, प्रायश्चित्तकाळात, उराकामी गावातील सुमारे १५ माणसे त्या चर्चच्या दाराशी आली. फादर बर्नार्ड पेतीजां यांनी दार उघडले आणि ते आत जाऊन प्रार्थनेला बसले. तेव्हा त्यांतील एका स्त्रीने जवळ येऊन हळूच सांगितले की, आमचे हृदय तुमच्या हृदयासारखेच आहे. मग तिने विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे?

दोनशे एकवीस वर्षे ज्यांनी धर्मगुरू पाहिला नव्हता, ते धर्मगुरूला शोधत आले होते. आम्हा धर्मगुरूंना या प्रसंगातून दोन गोष्टी शिकायच्या आहेत. ख्रिस्तसभेचा प्राण आमच्या हाती नाही, तो ख्रिस्ताच्या हाती आहे. आमच्याशिवायही तो तिला जिवंत ठेवू शकतो. आणि तरीही श्रद्धावंतांची भूक मिस्साबलिदानाची, पापक्षमेची, एकत्र येण्याची असते. ती भूक त्यांनी सात पिढ्या आपल्या मुलांना वारशाने दिली.

पुन्हा अग्नीतून

छळ एवढ्यावर संपला नाही. बंदी कायम होती. १८६८ पासून उराकामीच्या ३४०० च्या आसपास ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना हद्दपार करून देशभर विखुरण्यात आले आणि ६०० हून अधिक जण त्या हालअपेष्टांत मरण पावले. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या दबावामुळे १८७३ साली बंदीचे फलक उतरवण्यात आले. परतलेल्या गरीब कुटुंबांनी गावच्या प्रमुखाच्या वाड्याची जागा विकत घेतली. जेथे त्यांच्या पूर्वजांना प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत, तीच ती जागा. १८९५ साली बांधकाम सुरू झाले आणि १९१४ साली महामंदिर उभे राहिले.

१९४५ साली बाँब या मंदिरापासून अवघ्या ५०० मीटरांच्या आसपास फुटला. स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीसाठी त्या वेळी आत पापनिवेदन चालू होते. धर्मगुरू आणि भाविक एकत्रच मरण पावले. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८५०० च्या आसपास माणसे या बाँबने नेली. तो बाँब देवाने टाकला नव्हता, माणसांनी टाकला होता, आणि टाकणाऱ्यांतही ख्रिस्ती होते. 'देव राखतो' या वाक्याने या पापावर पांघरूण घालता येणार नाही. परंतु त्याच वर्षी नाताळाच्या आदल्या संध्याकाळी वाचलेल्या भाविकांनी ढिगाऱ्यातून उकरून काढलेली घंटा वाजवली, हेही तितकेच खरे आहे. १९५९ साली महामंदिर पुन्हा बांधले गेले. आता दुसरी घंटा बाँब टाकणाऱ्या देशातील भावाबहिणींच्या हातून आली आहे.

स्तुती कशासाठी?

आपण देवाची स्तुती करतो ती ख्रिस्तसभा मोठी झाली म्हणून नव्हे. जपानमधील कॅथलिक आजही तेथील लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहून कमी आहेत. बंदी उठल्यावर लपून राहिलेल्यांपैकी अनेक कुटुंबे मूळ ख्रिस्तसभेत परतलीही नाहीत. त्यांनी पूर्वजांची गुप्त रीतच चालू ठेवली. नरकाची शक्ती ख्रिस्तसभेवर विजय मिळवणार नाही, हे प्रभूचे वचन संपूर्ण ख्रिस्तसभेला आहे. एखाद्या गावातील वा प्रांतातील ख्रिस्तसभा कायम राहीलच, अशी हमी त्यात नाही. उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टीन यांचे हिप्पो हे शहर होते. तेथील एके काळची बहरलेली ख्रिस्तसभा पुढे लोप पावली. म्हणून स्तुतीबरोबर जबाबदारीही येते. देवाने दिलेले राखण्यासाठी तो माणसांनाच हाक देतो, आणि बहुधा नाव नसलेल्या माणसांना.

आपल्या देशात २०२३ साली मणिपूरमध्ये अनेक चर्चे जळाली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या मनात भीती दाटून आली. न्यायासाठी घटनेच्या मार्गाने आवाज उठवणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु भीतीच्या वेळी नागासाकीच्या कोळ्यांची आठवण ठेवावी. इमारत गेली तर ख्रिस्तसभा जात नाही. घरातील प्रार्थना गेली तर मात्र ती जाऊ लागते, मग इमारत कितीही भव्य असो.

आपल्या वसईतही १७३९ साली पोर्तुगीज सत्ता संपली. किल्ल्यातील चर्चे ओस पडली. त्यांच्या भिंतींवर आज झाडे उगवली आहेत. आपल्या पूर्वजांवर जपानसारखा प्रसंग ओढवला नाही, तरी राजाश्रय गेल्यावर श्रद्धा टिकवण्याचे काम गावागावातील साध्या कुटुंबांनीच केले. १९९८ साली स्थापन झालेला वसई धर्मप्रांत त्यांच्या त्या निष्ठेवर उभा आहे.

तेव्हा या रविवारी मिस्सा संपल्यावर घरी एक लहान गोष्ट करावी. आपल्या मुलांना स्वतःचा स्नानसंस्कार कोणत्या दिवशी झाला, हे विचारावे. बहुतेकांना सांगता येणार नाही. आपल्यालाही कदाचित आठवणार नाही. तो दिवस शोधून काढून घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा आणि त्या संध्याकाळी सर्वांनी मिळून रोजरी म्हणावी. नागासाकीच्या खेड्यांत पंचांग सांभाळणारा तो अनाम शेतकरी याहून वेगळे काही करीत नव्हता.

संत गोन्सालो गार्सिया आणि जपानचे सर्व रक्तसाक्षी आपल्यासाठी विनवणी करोत. ज्या प्रभूने त्यांची ख्रिस्तसभा राखली, त्याची स्तुती असो.