जर्नलवरची सही कुणाला फसवते?

दिवाळीत वाटूर फाट्यावर चुलतभाऊ भेटला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चहा येईपर्यंत त्यानं मोबाइल पुढे केला. डेटा स्ट्रक्चरच्या बाराही प्रॅक्टिकल्सचा कोड चॅटजीपीटीनं एका संध्याकाळी लिहून दिला होता. ‘‘दादा, कॉलेजात नोटीस लागलीय. एआय वापरलं तर टर्मवर्क शून्य. पण जर्नल तर हातानंच लिहायचंय. त्यांना कळणार कसं?’’

मी लिंक्ड लिस्टच्या कोडमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ‘‘ही काढली तर काय बिघडेल?’’ तो गप्प झाला.

त्याला बोलायचा मला हक्क नव्हता. दहा वर्षांपूर्वी मी सीनियरची फाइल उतरवली होती, त्याच्या आउटपुटमध्ये आलेल्या त्याच्या नावासकट. सरांनी सही केली, शिक्का मारला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तर आम्ही चौघांनी पैसे काढून विकत घेतला. मग पुण्यातल्या पहिल्याच मुलाखतीत समोरच्यानं ‘तुमच्याच’ प्रोजेक्टमध्ये एक छोटासा बदल करायला सांगितला. मला फाइल कुठली उघडायची तेही कळेना. चार वर्षांच्या सह्या तिथे कामाला आल्या नाहीत.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. परीक्षांमधले गैरप्रकार रोखणारा कायदा महाराष्ट्रात १९८२ पासून आहे. भरारी पथक आलं की बाकाखालच्या चिठ्ठ्या खिडकीबाहेर जातात, हे आपण दहावीपासून बघतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं वाङ्मयचौर्याविरुद्ध २०१८ मध्ये नियमावली आणली. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण त्याच नियमावलीच्या व्याख्येत असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि कोर्सवर्क वगळलेले आहेत. म्हणजे पीएचडीच्या प्रबंधाला चाळणी आहे, आणि आमची पदवी ज्या फायलींवर उभी आहे त्यांचं काय करायचं ते कॉलेजनं ठरवायचं. कॉलेज काय ठरवतं? नोटीस लावायची आणि जर्नल हातानं लिहून घ्यायचं.

कोड हातानं कागदावर लिहून घेणं हाच मुळात कॉपीचा तास आहे. कागदावरचा प्रोग्राम चालवून बघता येत नाही. दोन प्रोग्राममधलं साम्य शोधणारं ‘मॉस’ हे सॉफ्टवेअर १९९४ पासून आहे, शिकवण्यासाठी ते फुकट वापरता येतं, आणि व्हेरिएबलची नावं बदलून त्याला चकवता येत नाही. पण वहीचा गठ्ठा त्याला कसा देणार? शिवाय एआयनं लिहिलेला कोड शेजाऱ्याच्या कोडशी जुळेलच असं नाही. तिथे मॉसही कमी पडेल.

मी नोकरीत रोज एआय वापरतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण माझ्या नावानं गेलेल्या प्रत्येक ओळीबद्दल रिव्ह्यूमध्ये प्रश्न आला की उत्तर मलाच द्यावं लागतं. कॉलेजचा नियमही एवढाच असावा: मदत कुणाची घेतली ते लिहा, कोड मशीनवर चालवून दाखवा, आणि सांगितलेला एक बदल समोर बसून करा. ज्याला जमेल त्याला मार्क.

‘‘एवढा वेळ कुणाकडे आहे?’’ असं प्राध्यापक विचारतील. त्यातले कितीतरी तासिका तत्त्वावर राबतात, हे मला माहीत आहे. तरी हिशोब करू. साठ मुलं, प्रत्येकी बारा प्रॅक्टिकल्स, म्हणजे सातशेवीस सह्या. त्या बंद करा. साठ मुलांना पाच-पाच मिनिटं दिली तर पाच तास होतात. सेमिस्टरमध्ये अशा दोन फेऱ्या घेतल्या तरी दहाच तास.

यात सगळ्यात जास्त नुकसान आमच्यासारख्यांचं होतं. शहरातला मुलगा क्लास लावतो, मोठ्या भावाच्या ओळखीनं इंटर्नशिप करतो. कॉलेजनं नाही शिकवलं तरी त्याचं निभावतं. वाटूरच्या मुलाकडे मात्र कॉलेज एवढंच असतं, आणि त्याची फी सोयाबीनच्या पट्टीतून गेलेली असते. खोट्या सहीनं त्याच्यावर दया होत नाही. त्याला येत नाही, ही गोष्ट चार वर्षं त्याच्यापासून लपवली जाते आणि मुलाखतीच्या खोलीत एकट्याला कळते.

फाट्यावर भावाला मी पेन दिला. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात त्यानं चौकोन काढले, बाण जोडले, खोडले, पुन्हा जोडले. पंधरा मिनिटांनी म्हणाला, ‘‘पहिलाच नोड काढला तर पुढची सगळी लिस्ट हरवेल.’’

बरोबर होतं. मुलाला येतं. त्याला विचारायचं कॉलेजनं टाळलं होतं.