विधी-विद्यार्थ्यांना विहार समित्यांनी कामास लावावे



26 नोव्हेंबर आला की कायद्याच्या महाविद्यालयांतील मुले-मुली आपल्या वस्तीत येतात, संविधानाची उद्देशिका वाचतात, छायाचित्र काढतात आणि परत जातात. त्यांना प्रमाणपत्र मिळते. वस्तीच्या पदरात काय पडले, हे आपण विचारत नाही. ते विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

ही मुले आपणांवर उपकार करण्यास येतात असे समजू नका. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या विधिशिक्षण नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयावर विधी साहाय्य केंद्र चालविण्याचे बंधन घातले आहे. ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ते चालवावे व त्या भागातील स्वयंसेवी संस्थांचे सहकार्य घ्यावे, असे नियमच सांगतो. मग आपली विहार समिती, आपले महिला मंडळ त्यात का नसावे? पुष्कळ ठिकाणी या केंद्राची पाटी तेवढी आहे. खोलीला मात्र कुलूप असते.

विद्यार्थ्याजवळ सनद नाही, तो न्यायालयात उभा राहू शकत नाही, हे खरे. परंतु आपले खटले न्यायालयात हरतात त्याहून अधिक ते कागदात हरतात. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. त्यात 2015 साली दुरुस्ती होऊन 26 जानेवारी 2016 पासून कलम 15अ अमलात आले. आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडिताला वेळेवर मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. इतकेच नव्हे तर स्वयंसेवी संस्था, समाजसेवक वा वकील यांचे साहाय्य घेण्याचा त्याला हक्क आहे, असे ते कलम म्हणते. प्रत्यक्षात आरोपी दारावरून मोकळा फिरू लागला म्हणजे फिर्यादीला जामिनाची वार्ता कळते, असा माझा वकिलीतील अनुभव आहे. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मागून घेणे, योग्य कलमे लागली की नाहीत हे पाहणे, 60 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले काय याची विचारपूस करणे, शासकीय अर्थसाहाय्याचा कोणता हप्ता अडला हे शोधणे, यांस सनद लागत नाही, चिकाटी लागते.

आपल्या संस्थांचे दप्तरही तपासून घ्या. विश्वस्त वारला किंवा बदलला तर 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक विहारांच्या नोंदीत दिवंगत माणसेच अद्याप विश्वस्त आहेत! उद्या जागेचा तंटा उद्भवला तर सही कोणी करावयाची?

महाडच्या चवदार तळ्याचा दावा डिसेंबर 1927 मध्ये दाखल झाला व मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपला. अस्पृश्यांना मनाई करण्याची रूढी अनादी आहे, हे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. सत्याग्रहाचे स्मरण आपण अभिमानाने करतो. त्या दहा वर्षांच्या दप्तराचे कोण करतो?

मात्र काही पथ्ये पाळावीत. विद्यार्थ्याच्या पाठीशी सनदी वकील असलाच पाहिजे. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नये, छायाप्रत द्यावी. स्त्रियांच्या तक्रारी वस्तीभर चर्चिल्या जाता कामा नयेत. दर रविवारी, निदान वर्षभर, येण्यास जो तयार असेल त्यालाच घ्यावे. एका दिवसाचे पाहुणे नकोत.

नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांची ती गणना 1990 च्या दुरुस्तीने कायम ठेवली आहे. धर्म बदलला म्हणून हा हक्क गेला असे कोणी म्हणाल्यास तालुका विधी सेवा समितीकडे लेखी अर्ज करा, व नकार मिळाला तर तोही लेखी मागा. तो अर्ज लिहून देणे हे त्या विद्यार्थ्याचे पहिले काम ठरवा, आणि येत्या सभेतच जवळच्या विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पत्र धाडण्याचा ठराव करा.